सार्वजनिक काका

मुलांनो, गल्लीतल्या नळाला चार दिवस पाणी आले नाही, तर मोठी माणसे काय करतात? शेजारीपाजारी एकत्र जमतात. एक जण कागदावर अर्ज लिहितो. बाकीचे खाली सह्या करतात. ज्यांना लिहिता येत नाही, ते अंगठा लावतात. मग चारपाच जण तो अर्ज घेऊन करमाडच्या ग्रामपंचायतीत जातात.

अर्ज, वकील, फिर्याद, मुखत्यारनामा हे शब्द तुम्हांला नवीन नाहीत. ते जसे उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. या शब्दांशी ज्यांचे सारे आयुष्य जोडले गेले, अशा एका थोर माणसाची ओळख आज आपण करून घेऊ.

त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. त्यांचा जन्म 1828 साली सातारा येथे झाला. तरुणपणी ते पुण्यास आले. तेथे त्यांनी कोर्टाच्या कचेरीत नोकरी केली. पुढे कायद्याचा अभ्यास करून ते वकील झाले. लोकांच्या कामासाठी ते सदैव धावून जात. म्हणून सारे पुणे त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले.

त्या काळी पुण्यावर इंग्रजांचे राज्य होते. आपले करमाड मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आपल्याकडचे सरकारी कामकाज आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. पुण्याचा कारभार मुंबई सरकार पाही. त्यावर कलकत्त्याचे सरकार होते आणि सर्वांच्या वर लंडनची पार्लमेंट होती. या पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता.

पुण्यात पर्वती नावाची टेकडी आहे. तेथील देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या पुष्कळ तक्रारी होत्या. त्या सरकारपुढे मांडायच्या होत्या. पण सरकारने उलट विचारले, की तुम्ही कोण, लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, तर काय उत्तर द्यायचे? काकांनी या प्रश्नावर खूप विचार केला आणि त्यातून एक नवी वाट काढली.

2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात 'सार्वजनिक सभा' स्थापन झाली. या सभेचा एक नियम फार महत्त्वाचा होता. ज्याला सभासद व्हायचे असेल, त्याने निदान 50 लोकांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही याला देत आहोत, असे त्या कागदाने ठरे. अशा रीतीने 95 सभासद झाले. त्यांच्या पाठीशी सुमारे 6,000 लोकांच्या सह्या होत्या. सभेत सरदार, सावकार, वकील यांचाच भरणा अधिक होता, हे खरे. पण ज्या काळी आपल्या देशात सरकार निवडण्यासाठी मत देण्याची सोय नव्हती, त्या काळी काकांनी ही व्यवस्था उभी केली, हे लक्षात ठेवा.

काका सभेचे चिटणीस होते. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले. त्यांच्या विद्वत्तेचा सभेला मोठा आधार मिळाला. 1875 साली सभेने थेट लंडनच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. हिंदुस्थानच्या लोकांचे प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये घ्यावेत, अशी त्यात मागणी होती.

अशा अर्जाचे तेथे काय होई, ते पाहा. बाहेरच्या माणसाला स्वतः सभागृहात जाऊन अर्ज देता येत नसे. त्यासाठी पार्लमेंटचा एखादा सभासद गाठावा लागे. अर्जाची भाषा नम्र असावी लागे आणि शेवटी विनंती स्पष्ट लिहावी लागे. सभासदाने अर्ज मांडला, की तो एका समितीकडे जाई. ही समिती अर्जांची नोंद करी आणि सह्या मोजी. दरवर्षी असे हजारो अर्ज येत. त्यामुळे बहुतेक अर्जांवर चर्चा होतच नसे. दार सर्वांना उघडे होते, पण आत गेलेला कागद बहुधा दप्तरातच राही.

काकांच्या सभेची मागणीही मान्य झाली नाही. मग सारी मेहनत वाया गेली का? नाही. सह्या गोळा करताना सामान्य माणसांना कळले, की राज्यकर्त्यांना जाब विचारता येतो.

काकांनी काम थांबवले नाही. 1876 साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. सभेने गावोगावची माहिती मिळवली. कोठे धान्य नाही, कोठे माणसे उपाशी आहेत, हे ती सरकारला वारंवार लिहून कळवत राहिली. 1877 साली दिल्लीत मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' ही पदवी जाहीर झाली. राजेमहाराजे रेशमी पोशाखात आले होते. काका मात्र हातांनी कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले. तेथेही त्यांनी इंग्रज प्रजेइतकेच हक्क आपल्याला मिळावेत, असा अर्ज दिला.

1879 साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारच्या भीतीने त्यांचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना. फडक्यांचा मार्ग बंडाचा होता, काकांचा अर्जाचा. तरीही आरोपीची बाजू मांडलीच पाहिजे, असे मानून काका कोर्टात उभे राहिले. पुढच्याच वर्षी, जुलै 1880 मध्ये, त्यांचे निधन झाले.

1892 साली दादाभाई नौरोजी पार्लमेंटमध्ये निवडून आले, पण ते लंडनच्या एका भागातील मतदारांच्या मतांवर. काकांनी मागितलेला हक्क मिळायला देश स्वतंत्र व्हावा लागला.

आज आपली संसद आपल्याच मतांनी निवडली जाते. लोकसभेत नागरिकांच्या अर्जांसाठी याचिका समिती आहे. आपल्या राज्याच्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. मुलांनो, उद्या तुमच्या हातात एखादा अर्ज येईल. सही करण्यापूर्वी तो नीट वाचा. पटला तर न घाबरता सही करा. आणि इतरांच्या वतीने बोलायची वेळ आली, तर आधी त्यांना विचारा. सार्वजनिक काकांनी हेच केले.

शब्दार्थ
मुखत्यारनामा – दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार देणारा कागद
चिटणीस – संस्थेचा पत्रव्यवहार पाहणारा
भरणा – भरती, संख्या
जाब विचारणे – खुलासा मागणे
धजणे – धाडस करणे

स्वाध्याय
1. सार्वजनिक सभेचा सभासद होण्यासाठी काय करावे लागे?
2. पार्लमेंटकडे आलेल्या अर्जाचे काय होई?
3. काकांनी फडक्यांचे वकीलपत्र का घेतले?
4. शाळेसमोरच्या रस्त्यावर दिवे बसवावेत, असा अर्ज ग्रामपंचायतीला लिहा.