वाट पाहणारा नाटककार

गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात आमगाव येतं. कॉलेजसाठी ये-जा करणाऱ्या कितीतरी जणांचं हे रोजचं स्टेशन. तिथून जवळच, धानाच्या बांध्यांमध्ये, पदमपूर आहे. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते हेच प्राचीन पद्मपूर, म्हणजे भवभूतीचं गाव. आमगावच्या कॉलेजला त्याचं नाव आहे. पण तो कोण होता, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण आधी मोबाईल काढतील!

गोष्ट साधारण १३०० वर्षांपूर्वीची. वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. घराणं वेदविद्येचं, त्यामुळे वेद, उपनिषदं, सांख्य, योग असा तगडा अभ्यास झाला. एवढं शिकून पठ्ठ्या रमला मात्र नाटकात. नटमंडळी त्याचे जिवलग दोस्त. त्याची नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत व्हायची. मंडईला नाटक हवंच म्हणणाऱ्या आपल्या झाडीपट्टीला हे वेगळं सांगायला नको.

‘मालतीमाधव’चा हिरो तर आपल्याच विदर्भातला, शिकायला पद्मावती नगरीत गेलेला. तिथे त्याचा मालतीवर जीव जडतो. दोघांच्या वडिलांनी शिकत असतानाच एकमेकांना सोयरिकीचा शब्द दिलेला. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या माणसाला द्यायची असते. पुढे माधव तिला बळी जाण्यापासून वाचवतो, तेही जिवावर उदार होऊन.

एवढं लिहूनही नावं ठेवणारे होतेच. भवभूतीने त्यांना खूश करायला स्वतःला बदललं नाही. त्या काळी नाटकात विदूषक हमखास असायचा, याच्या तिन्ही नाटकांत तो नाहीच. टीकाकारांना त्याने ‘मालतीमाधव’च्या सुरुवातीलाच उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही आणि पृथ्वीही मोठी आहे. माझ्या मनाचा माणूस कधीतरी, कुठेतरी जन्माला येईल.

पुढे कनौजच्या यशोवर्मा राजाच्या दरबारात त्याला मान मिळाला, अशी नोंद कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त आहे. पण त्याचं खरं मोठेपण ‘उत्तररामचरित’मध्ये दिसतं. इथला राम लोकांच्या बोलण्यापायी सीतेला सोडतो आणि आतल्या आत जळत राहतो. बारा वर्षांनी तो पंचवटीत येतो. ओळखीची झाडं, ओळखीची वाट पाहून कोसळतो. सीता अदृश्य रूपात तिथेच असते. रागही असतो, मायाही असते. तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो, पण ती त्याला दिसत नाही. शेवटी भवभूती दोघांची भेट घडवतो. रामायणात ती नाही, त्याने ती हट्टाने लिहिली.

सुखात-दुःखात सारखं राहतं, वय झालं तरी आटत नाही, ते प्रेम, असं तो मानायचा. नाटकावरचं त्याचं प्रेमही याच जातीचं होतं. टाळ्या मिळाल्या नाहीत म्हणून ते कमी झालं नाही.

आपण स्टेटस टाकतो आणि पाच मिनिटांत किती जणांनी पाहिलं ते मोजतो. भवभूतीची तयारी शतकं थांबायची होती. त्याच्या मनाचा तो माणूस कदाचित आत्ता आमगावच्या प्लॅटफॉर्मवर, पाठीला सॅक लावून, गाडीची वाट पाहत उभा असेल.