पुराणिकाची कन्या आणि विहिरीकाठची कथा

नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण. त्या निमित्ताने आमच्यासारख्या हरिदासाने पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगावयास घ्यावे, हे काही धर्मनिष्ठ घरांत रुचणार नाही, याची जाणीव आहे. परंतु रमाबाई परक्या नव्हेत. व्यासपीठ, पोथी आणि पुराणश्रवणास जमलेले श्रोते यांच्यातच त्यांचे बालपण गेले. पुराणिकाच्या घरची ही कन्या दुःखाच्या वेळी दुसऱ्या दारी का गेली, हे जाणून घेण्याचा पहिला अधिकार, आणि पहिले कर्तव्यही, आम्हा कथेकऱ्यांचेच आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न वैष्णव ब्राह्मण. पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीस संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते आणि तो संस्कार त्यांच्या मनातून गेला नाही. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी देववाणी शिकविली. त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेत त्यांना उत्तर द्यावे लागले आणि त्यांनी ते शास्त्राधारे दिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला पहाटेच्या अंधारात, घरची कामे सुरू होण्यापूर्वी, श्लोक पढविले. भागवताचे अठरा सहस्र श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते असे म्हणतात.

पुढे दारिद्र्य आले आणि डोंगरे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. अठराशे सत्तरीच्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाचा दुष्काळ पडला. या कुटुंबाने त्या संकटात जे केले, ते कोणत्याही श्रद्धाळू घराने केले असते. होते नव्हते ते विकून दाने दिली, व्रते केली, उपवास केले, देवळादेवळांतून अनुष्ठाने मांडली. अखेर पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम पिता गेले, मागोमाग माता, मग वडील बहीण. मातेच्या तिरडीस खांदेकरी मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली, तिसरा खांदा पुत्राने दिला आणि चौथा रमाबाईंनी. उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घेऊन स्मशान गाठावे लागले.

मागे राहिलेला बंधू श्रीनिवास आणि रमाबाई यांनी नंतर जवळजवळ सारा हिंदुस्थान पायी पालथा घातला. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती भावंडे निजली. कथा सांगणाऱ्याचे पोट कथेवर असते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्या पोटासाठीच जो रोज गजेंद्रमोक्ष सांगतो, त्याला स्वतः नक्राच्या दाढेत सापडल्यावर तो गजेंद्र आठवतोच असे नाही. हे कठोर वाटेल, पण व्यवसायातल्या माणसाने ते बोलले पाहिजे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती झाली, म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने चाळले. स्त्रीला स्वतःच्या बळावर परमेश्वरापर्यंत जाता येते असे आश्वासन त्यांना त्या ग्रंथांत कोठे दिसेना. मग दुःख केवळ उपासमारीचे उरले नाही. ज्या पोथीने वाढविले, तिच्यातच आपल्याला जागा नाही, हे ते नवे दुःख होते.

१८८० साली बंधू वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातिबंधन मोडून, त्यांचा नोंदणीविवाह झाला. शिलचरच्या घरी ग्रंथ चाळता चाळता लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांच्या हाती आले. पतीस ते आवडले नाही. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. चोवीस वर्षांचे वयही पुरते झाले नव्हते.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ साली वैद्यक शिकावे म्हणून इंग्लंड गाठले. तेथे वाँटिज येथील मठवासिनी भगिनींकडे त्या राहिल्या. बहिरेपणामुळे वैद्यकाचा बेत फसला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या परक्या भूमीतच आत्मघात केला. याच काळात भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय होता. त्या स्त्रियांची सेवा चाललेली पाहून, ही करुणा येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीकाठची कथा वाचून दाखविली.

कथा साधी आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांचा विटाळ मानीत. त्यांतील एक स्त्री, पाच पती झालेली, भर दुपारी पाणी भरावयास येते. वाटेने थकलेला येशू तिच्याजवळ पाणी मागतो. तिचे सारे जीवन त्यास ठाऊक असते, तरी तो तिला दूर लोटीत नाही. उलट देवाची खरी उपासना या डोंगराला किंवा त्या तीर्थक्षेत्राला बांधलेली नाही, हे गूढ तो त्या बाईलाच सांगतो. सगळी तीर्थे पायी तुडवून रिकाम्या हाताने परतलेल्या रमाबाईंच्या अंतःकरणाला ही कथा भिडली नसती तरच नवल. वाचकांस येथे मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवेल. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या त्या लेकीला विठ्ठलाने पायाशी जागा दिली. ती करुणा आपल्याही घरी होती. परंतु आपल्या देवाची करुणा आपल्या गावात माणसांच्या हातांनी चालताना रमाबाईंस दिसली नाही. फुलहॅमला ती दिसली. दोष द्यायचा तर कान्होपात्रेचे आख्यान रंगवून, दारातल्या विधवेकडे पाठ फिरविणाऱ्या आम्हां मंडळींस द्यावा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. येथे चरित्रकार बहुधा थांबतात, पण मनाची शांती मात्र अजून दूरच होती. रमाबाई पंडिता त्या पंडिताच. धर्मसिद्धान्तांवरून त्यांनी आपल्या गुरुभगिनींशीही वाद घातले, पटले नाही ते मान्य केले नाही. बुद्धीने धर्म पत्करला, तरी हृदयातला दुष्काळ सरला नव्हता. पुढे अमेरिकेत त्यांनी पुस्तक लिहिले, साह्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. त्यानंतर, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. आपण ख्रिस्ताचा धर्म मिळविला, पण खुद्द ख्रिस्त मिळविला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. आपल्या पुण्याईचा व विद्येचा हिशेब बाजूस ठेवून त्या शरण गेल्या आणि तेव्हा कोठे समाधान लाभले, असे त्यांनीच नमूद केले आहे. ज्ञानाकडून शरणागतीकडे जाणारी ही वाट वारकऱ्यांस अनोळखी नाही.

१८९३ साली पुण्यात वादळ उठले. सदनात धर्मांतरास उत्तेजन मिळते या आक्षेपावरून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकींना पालकांनी काढून नेले. आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. पण ज्यांनी मुली काढून नेल्या, त्यांतल्या कितींनी त्यांच्यासाठी दुसरी शाळा काढली, हेही विचारावयास हवे. याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी आईचा देह डोक्यावर वाहणारी ती मुलगी त्या दुष्काळात स्वतः गेली आणि भुकेल्या पोरींना केडगावास घेऊन आली. मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती होती, विहिरी खणल्या गेल्या, अंधांस शिक्षण मिळाले, छापखानाही चालला. खिळे जुळविणाऱ्या मुलीच होत्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. आमच्यासारख्या संस्कृताभिमान्यास थक्क करणारी गोष्ट अशी की, या सरस्वतीने त्यात जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातल्या अडाणी बाईस अर्थ कळावा, मध्ये पंडिताची गरज पडू नये, हा त्यांचा हेतू होता. काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. साऱ्या कुळात एकट्या उरलेल्या रमाबाई त्यानंतरही भाषांतराच्या कामास बसत राहिल्या. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला तो त्यांच्या पश्चात.