महाडचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील महाडचा अध्याय आपल्या घराघरांत सांगितला जातो. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, येथवरची कथा मुलांनाही मुखोद्गत असते. त्याच पाण्यासाठी पुढे दहा वर्षे न्यायालयात झुंज चालली, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ साली त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. सनदेपुरते पैसे त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य बॅरिस्टराच्या हाती काम सोपविण्यास सॉलिसिटर धजत नसत. त्यामुळे मिळतील ते खटले आणि व्यापारी कायद्याचे अध्यापन यांवर संसार चालवावा लागे. याच ओढगस्तीच्या दिवसांत, १९२५ साली, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, हे वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांना ठाऊक असावे.

तळ्यावरील हक्क कागदोपत्री आधीच मान्य झाला होता. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि पुढील वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठरावाने घागर भरत नाही. मार्चमध्ये लोकांनी पाणी घेताच हल्ला झाला, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह योजिला. तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. बाबासाहेब त्यातील पहिले प्रतिवादी. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, सत्याग्रहासाठी सुमारे चार हजारांनी नावे दिली. तळे हाकेच्या अंतरावर होते. बाबासाहेबांनी मात्र सत्याग्रह तहकूब करावयास लावला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. एवढ्या संतप्त जनसमुदायाला माघारी फिरविणे हे, माझ्या मते, पाणी पिण्याहून कठीण कृत्य होते. त्यांचा रोष सनातन्यांवर होता. न्यायालयाचा अवमान करून आपलीच बाजू दुबळी करणे त्यांना मान्य नव्हते.

मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला, दावा मात्र चालूच राहिला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ठाण्याचे अपीलही फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी वादींचे दुसरे अपील निकाली काढले. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील ठरले. मुसलमान तेथे पाणी भरत, हे पुराव्यात होतेच. अनादी रूढी काही सिद्ध झाली नाही.

या निकालाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरविली नाही. रूढीचा पुरावा अपुरा ठरविला. तो पुरावा पुरेसा असता, तर अशी रूढी वाजवी आहे काय, या प्रश्नाला न्यायालयास हात घालावा लागला असता. तो प्रश्न तसाच राहिला. दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या विहिरीवर, रूढीचे साक्षीदार अधिक भक्कम निघाले असते तर? दहा वर्षांनी मिळालेला हा विजय एका तळ्यापुरता होता.

बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताच्या ध्यानी हे आले नसेल, असे मानणे कठीण. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि नुकतेच मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तिचे आचरण कोणत्याही स्वरूपात निषिद्ध ठरले. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट नामोल्लेख आला. २६ जानेवारी १९५० पासून पाणवठ्यावर जाणाऱ्या कोणालाही अनादी रूढीचा दावा खोडून काढण्याची गरज उरली नाही.

१९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.