जिला शब्दकोड्यांचा वैताग होता, तिनंच शब्दकोड्यांना शिस्त लावली

सकाळी पेपर आला की घरात एक जण असतोच, जो बातम्या सोडून आधी शब्दकोड्याचं पान काढतो. आफ्रिकेतली नदी, तीन अक्षरी. नाईल आठवली तर उत्तम, नाहीच आठवली तर उभे शब्द सोडवून एकेक अक्षर मिळवायचं.

आता समजा, क्लूच चुकीचा असेल तर? किंवा क्रमांक भलत्याच घरात पडला असेल तर? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत शब्दकोडं सोडवणाऱ्यांच्या नशिबी हेच होतं. ते बदललं मार्गारेट पेथरब्रिज या तरुणीमुळे. लग्नानंतरची मार्गारेट फरार.

तर गोष्ट सुरू होते 21 डिसेंबर 1913 ला. न्यूयॉर्क वर्ल्ड या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या पत्रकारानं हिऱ्याच्या आकाराचं एक शब्दकोडं छापलं. लोकांना ते भलतंच आवडलं. पण ऑफिसात ते कुणालाच नको होतं. तपासायला किचकट, जुळवायला त्याहून किचकट. त्यामुळे दर आठवड्याला चुका व्हायच्या आणि वाचकांची रागावलेली पत्रं यायची.

1897 साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेली मार्गारेट 1919 ला स्मिथ कॉलेजमधून पदवीधर झाली आणि काही काळानं वर्ल्डच्या रविवार आवृत्तीच्या संपादकांची मदतनीस म्हणून कामाला लागली. तिला व्हायचं होतं पत्रकार. गळ्यात पडलं शब्दकोडं.

तिनंही आधीच्यांचाच कित्ता गिरवला. आलेल्या ढिगातून दिसायला बरं असेल ते कोडं उचलायचं आणि छापायला पाठवायचं. स्वतः सोडवून बघायचा प्रश्नच नव्हता. पत्रं आली की दुर्लक्ष करायचं.

मग फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स हा नावाजलेला स्तंभलेखक तिच्या खोलीत बसायला आला. त्याला शब्दकोड्याचं वेड. छापलेल्या कोड्यातल्या चुका तो तिला तोंडावर ऐकवायला लागला. शेवटी कंटाळून मार्गारेटनं एक कोडं स्वतः सोडवायला घेतलं. आणि ते सुटेना! काही क्लू गायब होते, काही क्रमांक चुकलेले होते. वाचक इतके दिवस का चिडत होते हे तिला तेव्हा कळलं. तिनं डिक्शनरीवर हात ठेवला आणि यापुढे कोडं निर्दोषच छापायचं अशी शपथ घेतली.

त्यानंतर ती प्रत्येक कोडं आधी सोडवून तपासायला लागली. सहकाऱ्यांसोबत तिनं नियमही पक्के केले. काळ्या घरांची रचना सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आलं पाहिजे. म्हणजे एखाद्या राजाचं किंवा गावाचं नाव माहीत नसलं तरी दुसऱ्या बाजूनं ते शोधता येतं.

1924 मध्ये रिचर्ड सायमन आणि मॅक्स शूस्टर या दोन नव्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. कल्पना होती सायमनच्या मावशीची. मार्गारेटनं दोन सहकाऱ्यांसोबत ते पुस्तक तयार केलं. किंमत 1.35 डॉलर, सोबत पेन्सिल. आपटलं तर नाव खराब व्हायला नको म्हणून प्रकाशकांनी वेगळ्याच कंपनीच्या नावानं ते बाजारात आणलं. पुस्तक आपटलं तर नाहीच, उलट पुढच्या भागांसह वर्षभरात लाखो प्रती खपल्या.

याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं मात्र शब्दकोडी सोडवणं म्हणजे पाप वाटावं अशी वेळेची उधळपट्टी असल्याचं लिहिलं. ही लाट ओसरेल, असा त्यांचा हिशोब होता.

लाट ओसरली नाही. वर्ल्ड मात्र 1931 मध्ये बंद पडलं. मार्गारेट पुस्तकं काढत राहिली. डिसेंबर 1941 मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. युद्धाच्या बातम्यांनी वाचकांचा जीव दडपत होता, ब्लॅकआउटमध्ये घरात बसून काढायचे तास समोर होते. टाइम्सच्या रविवार आवृत्तीच्या संपादकांनी मालकांकडे शब्दकोड्याचा विषय काढला. लोकांना घटकाभर विसावा हवा, हे मार्गारेटनंही पटवून दिलं.

15 फेब्रुवारी 1942 ला टाइम्समध्ये पहिलं रविवारचं शब्दकोडं आलं. संपादक, मार्गारेट फरार. योगायोग बघा, त्याच दिवशी सिंगापूर जपानच्या हाती पडलं. 1950 पासून टाइम्समध्ये रोज शब्दकोडं येऊ लागलं.

तिथंही तिचा एक दंडक होता. सकाळी नाश्ता करता करता कोडं सोडवणाऱ्या माणसाचा दिवस खराब होईल असे शब्द नकोत. रोगराई, मरण यांना चौकटीबाहेरच ठेवायचं.

1969 ला ती टाइम्समधून निवृत्त झाली, पण काम थांबलं नाही. 11 जून 1984 ला, वयाच्या 87 व्या वर्षी ती गेली, तेव्हाही शब्दकोड्यांच्या नव्या पुस्तकाचं काम हातात होतंच.

त्यामुळे पुढच्या वेळी आडव्या शब्दात अडकलात आणि उभ्या शब्दानं अक्षर हातात दिलं, तर त्यामागे वाचकांच्या तक्रारी एकदा स्वतः कोडं सोडवून तपासणारी मार्गारेट होती, हे लक्षात असू द्या.