पठ्ठे बापूराव : वतन सोडून फडात उतरलेला शाहीर

कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी, कुलकर्ण्यांच्या घरात, ११ नोव्हेंबर १८६६ रोजी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. घरी कुलकर्णीपणाचे वतन, गावात मान. वसुलाची दप्तरे लिहावीत आणि वतन पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, एवढीच अशा घरातील मुलाकडून अपेक्षा असे. श्रीधरपंतांनी लेखणी धरली खरी, पण ती लावणीसाठी. पुढे उभा महाराष्ट्र त्यांना पठ्ठे बापूराव या नावाने ओळखू लागला.

ब्राह्मणाने लावणी लिहिणे ही काही अघटित गोष्ट नव्हती. पेशवाईच्या अखेरीस राम जोशी, अनंत फंदी यांनी ती लिहिली होती. बापूरावांच्या काळापर्यंत मात्र पांढरपेशा समाजाने तमाशाकडे पाठ फिरवली होती. १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि शहरी रसिकांना संगीत नाटकाचे वेड लागले. ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने उभा राहणारा तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजातील कलावंतांनी जगवला होता. बापूराव त्याच फडात दाखल झाले. कवने रचून ती दुसऱ्याकडून गाऊन घेतली असती, तर गावाने कदाचित डोळेझाक केली असती. त्यांनी पायात चाळ बांधलेल्यांबरोबर उभे राहून गायचे ठरवले. वतन सुटले आणि जातीचा आधारही.

त्यांच्या रचनेचा पल्ला मोठा होता. तमाशाची सुरुवात गणाने होते, त्यामागून गौळण येते, मग बतावणी, रंगबाजी आणि अखेरीस वग. यातील प्रत्येक अंगासाठी बापूरावांनी लिहिले. गणातील भक्तिभाव, गौळणीतील मथुरेच्या वाटेवरची थट्टामस्करी, भेदिक लावणीतील कोडी आणि शृंगाराची उघडीवाघडी बोली हे सारे एकाच लेखणीतून उतरत होते. मुंबईच्या झगमगाटावरची त्यांची लावणी तर त्या शहराचे शब्दचित्रच मानावी लागेल. आपल्या लावण्यांची संख्या ते दोन लाख सांगत. हा आकडा शाहिरी थाटातलाच समजावा. पण असा दावा केल्यावर श्रोत्यांना तो अगदीच अशक्य वाटू नये, इतके विपुल लेखन त्यांच्या नावावर होते. 'मिठाराणी' हा त्यांचा वग विशेष गाजला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू महाराजांसमोर तो सादर झाल्याचे सांगतात.

या वैभवात अर्धा वाटा पवळाचा होता. संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातील ही नर्तकी तिच्या रूपामुळे आणि गळ्यामुळे नामचंद पवळा म्हणून प्रसिद्ध झाली. तमाशात स्त्रीचे काम तोवर नाच्या पोऱ्या करीत असे. स्वतः स्त्रीने फडावर उभे राहण्याच्या सुरुवातीच्या काळातील पवळा हे सर्वांत ठळक नाव. बापूरावांचे शब्द आणि पवळाची अदा असा योग जुळल्यावर त्यांच्या फडाला तोड उरली नाही. कुलकर्ण्यांचा मुलगा आणि महाराची मुलगी एकत्र राहतात, एकत्र गातात, याचा सनातन्यांना संताप आला. आज बापूरावांवर लिहिताना बहुतेक जण या धाडसापाशी थांबतात. इतिहास त्याच्या पुढे जातो.

१९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी निधी गोळा केला जात होता. तमाशाच्या आठ खेळांचे उत्पन्न या कार्यासाठी देण्याची तयारी बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे जाऊन दाखवली. सोबत दागिन्यांनी मढलेली पवळा होती. बाबासाहेबांनी हा पैसा नाकारला. अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्याच समाजाच्या मुक्तीसाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. ज्या माणसाने जातीसाठी नव्हे, तर कलेसाठी जात सोडली होती, त्याला हा नकार किती झोंबला असेल! तरीही बाबासाहेबांचा प्रश्न खोटा ठरत नाही. बापूरावांनी जात आपल्या इच्छेने सोडली. पवळाला तशी निवड कधी मिळाली होती? बापूराव खाली उतरले, असे लोक म्हणत. पवळा जिथे उभी होती, तिथून खाली उतरायला पायरीच नव्हती.

पुढे दोघांची ताटातूट झाली आणि फडाचा जोर ओसरला. तमाशाच्या धंद्यात पैसा जसा येतो तसाच जातो. त्यातच बोलपट आला, करमणुकीची चाल बदलली. उत्तरायुष्य बापूरावांनी पुण्यात हलाखीत काढले. २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. लावण्यांची बाडे विखुरली. त्यांच्या पश्चात काही संग्रह छापले गेले, पण दोन लाखांच्या दाव्यापुढे ते मूठभरच.

बापूरावांचे गण आणि गौळणी मात्र फडांनी सोडल्या नाहीत. पुढच्या पिढ्यांनी त्या तोंडपाठ केल्या, लोकनाट्याच्या मंचावर नेल्या, शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांतही त्या पोहोचल्या. शाहिरी रिवाजाप्रमाणे कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. बापूरावांचेही नाव तिथेच असते.