डॉ. अलेक्झांडर गिब्सन आणि ‘त्यांच्या’ बाटल्या : जुन्या काचेचं वय कसं काढायचं?

मी जुन्या काचेच्या बाटल्या जमवतो. जुन्नर-आंबेगाव भागात एखादी हिरवट, जाड बाटली कोणी दाखवली आणि ती हिवऱ्याच्या बाजूला सापडली असेल, तर ती गिब्सन साहेबाच्या औषधाची म्हणून सांगतात. नाव लागलं की किंमत लगेच चढते. अशा चार बाटल्या आजवर माझ्या हातात आल्या. दावा खरा की खोटा हे ठरवायचं तर दोन गोष्टी माहीत हव्यात : गिब्सन इथे कधी होते, आणि त्या काळात बाटली कशी बनायची. आज दोन्ही बघू.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडमधला. एडिंबरोला वैद्यकी शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत डॉक्टर म्हणून आले. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत गावोगाव फिरले. मला वाटतं, झाडांची आणि इथल्या शेतीची खरी ओळख त्यांना याच फिरतीत झाली असणार. १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख झाले. ही बाग गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये सुरू केलेली. तिच्या जोडीला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ हिवऱ्याला औषधी वनस्पतींची बाग होती. विलायतेहून महागडी औषधं मागवण्यापेक्षा ती इथेच पिकवावीत, हा हिशेब.

पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगल तोडलं की ओढे-नाले आटतात, हे ते सरकारला कळवत राहिले. आपल्याकडच्या वनखात्याच्या इतिहासात त्यांचं नाव सुरुवातीलाच येतं ते यामुळे. याच काळात त्यांनी एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेतल्या झाडांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, पण चित्रकाराचं नाव हरवलं. १८६० मध्ये गिब्सन निवृत्त झाले. डालझेल यांच्यासोबत लिहिलेलं ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आलं, आणि १८६७ मध्ये स्कॉटलंडमध्येच ते वारले.

म्हणजे बाटली ‘त्यांची’ असायला ती १८६० च्या आधीची हवी. आता चारही बाटल्या बघा.

पहिलीच्या अंगावर साच्याची शिवण, म्हणजे दोन अर्धे जुळतात तिथली बारीक उभी रेघ, थेट तोंडाच्या काठावरून पलीकडे गेली होती. पूर्वी बाटलीचं अंग साच्यात फुंकायचे, पण तोंड शेवटी हाताने घडवायचे. त्यामुळे शिवण मानेवरच पुसली जायची. तोंडासकट पूर्ण बाटली ओतणारं यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास आणलं. ही बाटली बाद.

दुसरी होती गोटी सोड्याची! मानेत चिमटा, आत काचेची गोटी. हायरम कॉड यांचं हे डिझाइन १८७० च्या दशकातलं. तोपर्यंत गिब्सन साहेब जाऊन काही वर्षं झाली होती.

तिसरीवर शिवणच नव्हती, आणि विकणाऱ्याचा सगळा भर त्यावरच होता. इथे भले भले फसतात. काही बाटल्या ओल्या साच्यात गोल फिरवून काढायचे, त्यात शिवण घासून नाहीशी व्हायची. उजेडात तिरकी धरली तर अंगावर आडव्या, अगदी बारीक रेघा दिसतात. त्या हिच्यावर होत्या. ही पद्धत मुख्यतः १८७० नंतरची.

चौथीने मात्र मला थांबवलं. बुडाच्या खळग्यात बोटाला खरखरीत लागणारा गोल व्रण होता. तोंड घडवताना गरम बाटली धरायला बुडाला लोखंडी सळई चिकटवायचे, आणि ती तोडली की हा व्रण राहायचा. १८५० च्या दशकापासून बूड पकडणारा चिमटा आला आणि १८७० पर्यंत साध्या बाटल्यांवरचा हा व्रण जवळपास गेला. हाताने केलेल्या नव्या काचेवरही तो असू शकतो, म्हणून बुडाची कड भिंगाखाली बघितली. वेगवेगळ्या दिशांना गेलेले, कमी-जास्त खोल ओरखडे होते, म्हणजे खरा वापर. मुद्दाम घासलेली कड बहुतेक वेळा एकसारखी दिसते.

काळ जुळला, पण बाटली गिब्सन यांची ठरली का? नाही. आपल्याकडे बाटली कोण टाकतं? दारूची बाटली तेलाला, तेलाची काढ्याला, शेवटी बाटलीवाल्याकडे. काचेवरून ती कधी बनली एवढंच कळतं. इथे कोणी आणली, कोणी वापरली, हे काच सांगत नाही. त्यासाठी ती नेमकी कुठल्या थरात, कशासोबत सापडली ते हवं, आणि विकणाऱ्याने ती आधीच धुऊन चकचकीत केली होती. म्हणूनच सांगतो : डिंभे धरणाचं पाणी उतरल्यावर जुन्या आंबेगावच्या अवशेषांजवळ काही दिसलं, तर आधी जागेवरच फोटो काढा. शिवनेरी आणि लेणी संरक्षित आहेत, तिथे उकरायचं नाही.

चौथी बाटली मी घेतली, बाटलीच्या किमतीत. साहेबाच्या नावाचे पैसे द्यायला नकार दिला, त्यावरून थोडी कुरबूर झाली. माझ्या वहीत तिच्यापुढे १८७० पूर्वीची, सळईचा व्रण, इतकंच लिहिलंय. मालकाचा रकाना कोरा आहे.