शिकाऱ्यांनी भरलेली किंमत

वन्यजीवांच्या रक्षणासाठी शिकाऱ्यांनीच पैसा पुरवावा, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. अमेरिकेत ती रुजविण्यात मोठा वाटा असलेले जे. एन. डार्लिंग हे स्वतः शिकारी होते, मासेमारीचे शौकीन होते आणि व्यवसायाने व्यंगचित्रकार होते.

१८७६ साली जन्मलेले डार्लिंग आयोवा राज्यातील सू सिटी येथे वाढले. 'डिंग' या नावाने काढलेल्या व्यंगचित्रांना १९२४ व १९४३ साली पुलित्झर पारितोषिके मिळाली. बालपणी पाहिलेली पाणथळ राने शेतीसाठी चर खणून कोरडी केली जात होती. त्यातच १९३० नंतरच्या अवर्षणाने तळी आटली आणि रानबदकांची संख्या झपाट्याने घसरली.

१९३४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीवांचे संघीय खाते डार्लिंग यांच्या हाती दिले. डार्लिंग विरोधी पक्षाचे आणि रूझवेल्टांच्या धोरणांचे कठोर टीकाकार. तरीही त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली. त्याच वर्षीच्या कायद्याने पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकास एक डॉलरचे तिकीट घेणे बंधनकारक झाले. पहिल्या तिकिटावरील बदकांचे चित्र डार्लिंग यांनीच रेखाटले. या निधीतून पाणथळ जमिनी विकत घेऊन तेथे अभयारण्ये उभी राहू लागली.

मात्र केवळ पैसा घेऊन शिकाऱ्यांना मोकळे सोडणे त्यांना मान्य नव्हते. १९३५ साली दाणे टाकून किंवा पाळीव बदके बांधून रानबदकांना भुलविण्यास बंदी झाली. ज्यांच्यात आपण वावरलो, त्यांचाच रोष ओढवून घेण्याचा हा प्रसंग होता. तो त्यांनी टाळला नाही. त्याच वर्षाअखेर पद सोडून त्यांनी १९३६ साली वन्यजीवप्रेमी संघटनांचा राष्ट्रीय महासंघ उभारण्यात पुढाकार घेतला. १९३७ साली शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरील कराचे, तर १९५० साली मासेमारीच्या साहित्यावरील कराचे उत्पन्न याच कार्यासाठी राखून ठेवणारे कायदे झाले.

डार्लिंग १९६२ साली निवर्तले. तिकिटाची प्रथा मात्र टिकली असून तिच्या उत्पन्नातून लक्षावधी एकर भूमी सुरक्षित झाली आहे. निसर्गाचा उपभोग घेणाऱ्याने त्याची किंमत मोजावी आणि मर्यादाही पाळावी, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. यांपैकी किंमत मोजणे त्यामानाने सोपे. स्वतःच्याच माणसांना मर्यादा घालणे खरे अवघड. डार्लिंग यांनी दोन्ही केले, यातच त्यांचे मोठेपण आहे.